हाती धरावयाचा शोधदिवा आणि विद्युत् चापाचा वारसा : एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

इ. स. १९९१ मध्ये मोटारगाडीच्या पुढील दिव्यांसाठी उच्च तीव्रतेचे विसर्जन दिवे प्रथम वापरात आले. पुढील काळात हेच बल्ब हाती धरावयाच्या हॅलोजन शोधदिव्यांत बसवण्याची खटपट अनेक हौशी तंत्रप्रेमींनी केली. प्रस्तुत शोधनिबंधात या खटपटीचा विचार विद्युत् चापाच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर केला आहे. प्रखर प्रकाशाचा इतिहास हा एकट्या बल्बचा इतिहास नाही. बल्ब, परावर्तक आणि वीजपुरवठा या तिन्ही घटकांच्या मेळाचा तो इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : विद्युत् चाप, शोधदिवा, परावर्तक, विसर्जन दिवा, झेनॉन, हॅलोजन, दीपनतीव्रता

प्रस्तावना

रात्रीच्या अंधारात दूरची वस्तू ओळखता यावी यासाठी माणसाने मशालीपासून दीपगृहापर्यंत अनेक साधने निर्माण केली. या साधनांचा इतिहास लिहिताना सामान्यतः ज्योतीचा अथवा बल्बचा इतिहास लिहिला जातो. तेलाची ज्योत गेली, गॅस आला. गॅस गेला, वीज आली. अशी ही मांडणी असते. ज्योतीमागचा आरसा, तिला लागणारी ऊर्जा वाहून आणण्याची व्यवस्था आणि तिच्यासमोर येणाऱ्या दुसऱ्या माणसाचे डोळे यांना या मांडणीत फारसे स्थान मिळत नाही. परिणामी, अधिक प्रखर बल्ब बसवला की दिवा आपोआप अधिक चांगला होतो, असा एक समज रूढ झाला आहे.

हा समज तपासून पाहण्यासाठी हाती धरावयाचा शोधदिवा हे एक सोयीचे उदाहरण आहे. पिस्तुलासारखी मूठ, पुढे चार ते आठ इंच व्यासाचा वाडग्यासारखा परावर्तक, त्याच्या नाभीपाशी ५५ अथवा १०० वॉटचा हॅलोजन बल्ब आणि खालच्या पोकळीत पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल विद्युत् घट, अशी त्याची साधी रचना असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस होड्या, शेतमळे, शोधकार्य व पहारा अशा अनेक ठिकाणी हा दिवा वापरात होता. त्यातील हॅलोजन बल्ब काढून मोटारगाडीचा विसर्जन बल्ब बसवणे ही वरवर पाहता लहानशी दुरुस्ती वाटते. प्रत्यक्षात, गेल्या दोन शतकांत मोठमोठ्या अभियंत्यांना ज्या अडचणींशी झगडावे लागले, त्या सर्व या लहानशा दुरुस्तीत पुन्हा उभ्या राहतात.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे

१. विद्युत् चापावर आधारित शोधदिव्याच्या विकासाचा आढावा घेणे.
२. बंद कुपीतील विसर्जन दिवा मोटारगाडीपर्यंत व तेथून हातातील शोधदिव्यापर्यंत कसा पोहोचला, हे पाहणे.
३. केवळ बल्ब बदलल्याने उद्भवणाऱ्या तांत्रिक व सामाजिक प्रश्नांचे विवेचन करणे.

विद्युत् चापाचा उदय

दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींना टेकवून किंचित दूर केल्या आणि त्यांतून पुरेसा विद्युत् प्रवाह सोडला, तर मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश निर्माण होतो. रशियातील वासिली पेत्रोव यांनी १८०२ मध्ये या आविष्काराचे निरीक्षण केले होते. इंग्लंडमध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दोन हजार जोड्यांची प्रचंड घटमाला वापरून त्याचे प्रात्यक्षिक घडवले. आडव्या धरलेल्या कांड्यांमधील तप्त वायू हलका होऊन वर चढतो व प्रकाशाची रेषा धनुष्यासारखी वाकते. त्यावरून या आविष्काराला चाप हे नाव मिळाले. हा तपशील पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

डेव्हींच्या प्रात्यक्षिकाने प्रकाश मिळाला, परंतु दिवा मिळाला नाही. याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे घटमालेतील धातूच्या पट्ट्या लवकर झिजत व त्यांवर चालणारा प्रकाश अत्यंत खर्चिक ठरे. दुसरे म्हणजे कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत, मधली फट रुंदावे आणि चाप विझून जाई. म्हणून फट कायम राखणारी यंत्रणा आवश्यक ठरली. १८४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम स्टेट व फ्रान्समध्ये लेआँ फूको यांनी अशा स्वयंचलित नियंत्रकांवर काम केले. १८४९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात सूर्योदयाचा देखावा दाखवण्यासाठी विद्युत् चापाचा उपयोग करण्यात आला. तरीही घटमालेवरील अवलंबन संपेपर्यंत त्याचा वापर प्रयोगशाळा व रंगभूमी यांपुरता मर्यादित राहिला.

हे अवलंबन संपवण्याच्या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल दीपगृहात पडले. १८५८ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथ फोरलंड येथील दीपगृहात फ्रेडरिक हेल होम्स यांच्या चुंबकीय विद्युत् यंत्रावर चालणारा चापदिवा लावण्यात आला. दीपगृहांची देखरेख करणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून मायकेल फॅरेडे यांनी या प्रयोगाची पाहणी केली. १८६२ मध्ये डंजनेस येथेही असाच दिवा बसवण्यात आला. मात्र येथे एक नवी अडचण पुढे आली. दीपगृहांतील फ्रेनेल भिंगे तेलाच्या मोठ्या ज्योतीसाठी घडवलेली होती. चाप त्या ज्योतीच्या मानाने अगदी लहान होता. स्रोत लहान झाला की झोत अरुंद होतो आणि जागेतील थोडीशी चूकही समुद्रावर मोठी होऊन दिसते. म्हणजेच अधिक चांगला प्रकाशस्रोत मिळाल्याबरोबर त्याच्या भोवतीच्या भिंगांचा नव्याने विचार करणे भाग पडले.

शोधदिव्याची घडण

१८७१ मध्ये झेनोब ग्राम यांचा डायनामो पुढे आला आणि चापदिव्याला भरवशाचा वीजपुरवठा मिळू लागला. त्याच दशकात आल्फाँस मँजँ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने परावर्तकाचा प्रश्न सोडवला. नाभीपाशी ठेवलेल्या दिव्याचे किरण समांतर करण्यासाठी अन्वस्तीय आरसा हवा. परंतु काचेचा अचूक अन्वस्तीय आरसा घासणे त्या काळी अतिशय अवघड होते. मँजँ यांनी वेगवेगळ्या वक्रतेचे दोन गोलीय पृष्ठभाग असलेली काच घेऊन तिच्या मागील बाजूस चांदीचा मुलामा दिला. काचेतून किरण दोनदा वळत असल्याने गोलीय आरशाचा दोष बऱ्याच अंशी दूर झाला. गोलीय पृष्ठभाग घासणे सोपे असल्यामुळे असे आरसे मोठ्या प्रमाणावर तयार करता आले. आधुनिक शोधदिवा हा चाप, डायनामो आणि आरसा या तिघांच्या संयोगातून जन्माला आला, असे म्हणता येईल.

या संयोगाचा एक ठळक परिणाम सुएझ कालव्यात दिसून येतो. १८६९ मध्ये खुल्या झालेल्या या कालव्यात प्रारंभी रात्री जहाजांना थांबून राहावे लागे. १८८७ पासून विजेचा शोधदिवा असलेल्या जहाजांना रात्रीही कालवा ओलांडण्याची मुभा मिळाली आणि प्रवासाचा वेळ बराच कमी झाला. इंग्लंडहून मुंबईकडे येणारी टपालाची जहाजे याच मार्गाने येत असत. खुद्द मुंबईचा अनुभव मात्र वेगळा होता. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये प्रथम विजेचे दिवे लागले. परंतु वीज पुरवणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी लवकरच दिवाळखोरीत निघाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. दिवे उपलब्ध होते, परंतु त्यांना सतत वीज पुरवणारी व्यवस्था टिकू शकली नाही.

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांनी शोधदिव्याला अवाढव्य रूप दिले. जर्मनीतील हाइनरिश बेक यांनी दुर्मिळ मृदा धातूंची लवणे भरलेला कार्बन वापरून चापाची दीप्ती पुष्कळ वाढवली. अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी हे तंत्र पुढे नेले. दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी शोधदिव्यांचे आरसे ६० इंच व्यासाचे होते आणि प्रत्येक दिव्यासोबत स्वतंत्र जनित्र वाहून न्यावे लागे.

याच युद्धातील ले लाइट या दिव्याची हकीकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. ब्रिटिश हवाई दलाचे अधिकारी हंफ्री द व्हर्ड ले यांनी पाणबुड्यांचा रात्री शोध घेण्यासाठी विमानातच शोधदिवा बसवण्याची कल्पना मांडली. रडारच्या साहाय्याने विमान पाणबुडीच्या जवळ येई. परंतु शेवटच्या टप्प्यात रडारवरील खूण समुद्राच्या परावर्तनात हरवून जाई. नेमक्या त्या क्षणी दिवा लावावयाचा होता. २४ इंच व्यासाचा चापदिवा वेलिंग्टन विमानात बसवताना खरी अडचण दिव्याची नव्हती, ती विजेची होती. प्रारंभी विचारात घेतलेले स्वतंत्र इंजिनावरील जनित्र फार जड होते. दिवा प्रत्येक वेळी थोडाच काळ लागणार, हे लक्षात घेऊन त्याऐवजी विद्युत् घट वापरण्यात आले व उड्डाणात ते हळूहळू भारित करण्याची सोय केली गेली. जून १९४२ पासून या दिव्याचा प्रत्यक्ष कारवाईत उपयोग सुरू झाला. मोठा दिवा लहान जागेत बसवावयाचा असेल, तर तो किती वेळ लागणार याचा हिशेब आधी करावा लागतो, हे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

बंद कुपीतील चाप

उघड्या हवेतील चापाची कांडी जळते. म्हणून चाप बंद कुपीत कोंडण्याचे प्रयत्न झाले. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०१ मध्ये कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे एकस्व मिळवले. त्याचा प्रकाश निळसर-हिरवा असल्याने माणसांचे चेहरे निस्तेज दिसत. १९३० नंतर उच्च दाबाचे पाऱ्याचे दिवे रस्त्यांवर व कारखान्यांत आले. पाऱ्याच्या वाफेत इतर धातूंची हॅलाइड लवणे मिसळली तर रंग सुधारेल, ही कल्पना चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी मांडली होती आणि १९१२ मध्ये त्यांना तिचे एकस्वही मिळाले. तथापि तिला व्यवहार्य रूप देण्याचे काम अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गिल्बर्ट रायलिंग यांनी १९६० नंतर केले. कल्पना आणि वापर यांत अर्धशतकाचे अंतर पडले. कारण तापमान सहन करणारी कुपी, शुद्ध द्रव्ये व स्थिर चाप या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येणे आवश्यक होते.

दुसरी शाखा झेनॉन वायूची. १९४० नंतर जर्मनीत विकसित झालेला आखूड चापाचा झेनॉन दिवा ओस्राम कंपनीने १९५१ च्या सुमारास बाजारात आणला व पुढे तो चित्रपट प्रक्षेपणासाठी रूढ झाला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आणि गावोगावच्या तंबू टॉकीजमध्ये कार्बनच्या कांड्यांवर चालणारी प्रक्षेपण यंत्रे दीर्घकाळ वापरात होती. ऑपरेटरला काळ्या काचेतून चापाकडे पाहत कांड्यांमधील अंतर सारखे राखावे लागे. त्याचे लक्ष चुकले की पडद्यावरचे चित्र अंधुक होई. पुढे अनेक ठिकाणी जुन्या यंत्राच्या दीपपेटीत झेनॉन बल्ब बसवण्यात आले. या बदलात नुसता बल्ब पुरेसा नव्हता. नवा एकदिश विद्युत् पुरवठा, चाप पेटवणारे उच्च दाबाचे उपकरण आणि झेनॉनच्या सभोवार पसरणाऱ्या प्रकाशाला साजेसा खोलगट आरसा या सर्वांची जोड द्यावी लागली. बल्ब थंड असतानाही आतील वायू मोठ्या दाबाखाली असतो, त्यामुळे तो हाताळताना चेहऱ्यावर संरक्षक आवरण घेण्याची शिस्तही ऑपरेटरांना अंगी बाणवावी लागली. जुन्या दिव्यात नवा चाप बसवण्याची ही प्रक्रिया हातातील शोधदिव्यातील फेरबदलाची पूर्वपीठिका मानता येते.

हॅलोजनकडून विसर्जन दिव्याकडे

साध्या तंतुदिव्यात टंगस्टनची वाफ काचेवर साचून बल्ब काळवंडतो. कुपीत हॅलोजन वायूचा अंश ठेवल्यास ही वाफ पुन्हा तंतूकडे परतते. अमेरिकेतील एल्मर फ्रिडरिक व एमेट वायली यांना १९५९ मध्ये या दिव्याचे एकस्व मिळाले आणि १९६२ मध्ये युरोपात मोटारगाडीसाठी एच-१ हा पहिला हॅलोजन बल्ब आला. पुढील तीस वर्षे मोटारीचा पुढील दिवा व हातातील शोधदिवा या दोहोंवर हॅलोजनचेच राज्य होते.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीच्या ७ मालिकेतील गाडीत विसर्जन दिवा प्रथम आला. त्याला बोलीभाषेत झेनॉन दिवा म्हणतात. परंतु त्याचा बहुतांश प्रकाश धातूंच्या हॅलाइड लवणांपासून मिळतो व आरंभीच्या बल्बांत पाराही असे. झेनॉनचे काम मुख्यतः पहिल्या काही क्षणांचे असते. कारखान्यातील धातू-हॅलाइड दिवा पूर्ण उजळण्यास काही मिनिटे घेतो. मोटारचालकाला तितकी सवड नसते. म्हणून झेनॉन तत्काळ उजेड देतो आणि तोवर लवणांची वाफ होते. युरोपीय नियमांनुसार अशा दिव्याने एका सेकंदात २५ टक्के व चार सेकंदांत ८० टक्के प्रकाश दिला पाहिजे. डी-२-एस या प्रचलित बल्बमध्ये दोन विद्युत् अग्रांमधील अंतर सुमारे ४.२ मिलिमीटर असते. चाप पेटण्यासाठी सुमारे २०,००० व्होल्टचा क्षणिक विद्युत् दाब लागतो, तर एकदा स्थिरावल्यावर ८५ व्होल्ट पुरतात.

दोन्ही बल्बांची तुलना केली असता फरक ठळकपणे दिसतो. ५५ वॉटचा एच-३ हॅलोजन बल्ब सुमारे १,४५० ल्युमेन प्रकाश देतो, म्हणजे दर वॉटला सुमारे २६ ल्युमेन. ३५ वॉटचा डी-२-एस बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन देतो, म्हणजे दर वॉटला सुमारे ९१ ल्युमेन. कमी विजेत दुप्पटीहून अधिक प्रकाश मिळत असेल, तर घटावर चालणाऱ्या हातातील दिव्यात हा बल्ब बसवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

हातातील शोधदिव्यातील फेरबदल

२००० नंतरच्या दशकात मोटारगाड्यांचे विसर्जन बल्ब व त्यांचे नियंत्रक सुट्या संचांच्या रूपाने स्वस्त झाले. भंगारात निघालेल्या गाड्यांतूनही ते मिळू लागले. अमेरिका, युरोप व अन्यत्र हौशी कारागिरांनी स्वस्त हॅलोजन शोधदिवे उघडून त्यांत हे संच बसवले. या कामात पुढे आलेल्या अडचणी चार प्रकारच्या होत्या.

पहिली अडचण स्रोताच्या जागेची. एच-३ बल्बमधील तंतू बल्बच्या अक्षाला आडवा असतो. विसर्जन बल्बमधील चाप अक्षाच्या दिशेने असतो. परावर्तकाची नाभी तीच राहिली तरी स्रोताची लांबी, दिशा व जागा बदलते. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडला तरी झोताच्या मध्यभागी काळा डाग पडतो, अथवा प्रकाश दूर न जाता जवळच पसरतो. म्हणून अनुभवी कारागीर बल्बची बैठक पुढे-मागे सरकवता येईल अशी करून, दूरच्या भिंतीवर झोत पाहत तिची जागा निश्चित करीत. साउथ फोरलंड व डंजनेसच्या दीपगृहांतील प्रश्नाचीच ही लहान आवृत्ती होय.

दुसरी अडचण वीजपुरवठ्याची. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल घटात नाममात्र ८४ वॉट-तास ऊर्जा असते. मात्र ही क्षमता वीस तासांत सावकाश वापर होईल असे धरून दिलेली असते. १०० वॉटचा हॅलोजन बल्ब ८ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू लागला की प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा बरीच घटते. ३५ वॉटचा विसर्जन बल्ब नियंत्रकातील हानी धरून सुमारे साडेतीन अँपिअर घेतो, त्यामुळे दिवा कितीतरी अधिक वेळ चालतो. परंतु पेटण्याच्या पहिल्या काही सेकंदांत नियंत्रक याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. मूळच्या बारीक तारा, हलकी कळ व अर्धवट भारित घट यांना तो झेपत नाही. विद्युत् दाब खाली येतो व चाप पेटताच विझतो. जाड तारा व सक्षम कळ बसवल्याशिवाय हे काम पूर्ण होत नसे.

तिसरी अडचण उष्णतेची व स्थितीची. विसर्जन बल्ब १०० वॉटच्या हॅलोजनपेक्षा कमी उष्णता निर्माण करतो. तथापि नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक भाग प्लास्टिकच्या बंद पोकळीत तापतात. शिवाय डी-२-एस बल्ब आडव्या स्थितीत चालण्यासाठी बनवलेला असतो. हातातील दिवा मात्र झाडाच्या शेंड्याकडे व विहिरीच्या तळाकडेही रोखला जातो. तशा वेळी चाप कुपीत सरकतो आणि कुपीची एक बाजू अधिक तापते. डेव्हींच्या कांड्यांमधील प्रकाश ज्या कारणाने धनुष्यासारखा वाकत असे, तेच कारण चार मिलिमीटरच्या कुपीतही कायम असते.

चौथी अडचण सुरक्षिततेची. हजारो व्होल्टचा विद्युत् दाब, दाबाखालील कुपी आणि अतिनील किरण या तिन्ही गोष्टी हॅलोजन शोधदिव्याच्या मूळ रचनेत इतक्या प्रमाणात गृहीत धरलेल्या नव्हत्या. डी-२-एस बल्बच्या बाहेरील काचेचे आवरण अतिनील किरण अडवते. ते फुटलेला बल्ब वापरणे डोळ्यांना व त्वचेला घातक ठरते. ओल्या हाताने अथवा पावसात वापरावयाच्या दिव्यात उच्च दाबाची तार नीट वेष्टित नसेल, तर धोका आणखी वाढतो.

कँडलपॉवरचा हिशेब

या फेरबदलामागे आणखी एक प्रेरणा होती. बाजारातील शोधदिव्यांच्या खोक्यांवर दहा लाख, वीस लाख कँडलपॉवर असे आकडे छापलेले असत. हे आकडे कोणत्या अंतरावर व कशा रीतीने मोजले, याचा उल्लेख बहुधा नसे. बल्बने सर्व दिशांना दिलेला एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, तर एका दिशेतील तीव्रता कँडेलामध्ये. या दोन वेगळ्या राशी आहेत. झोताच्या केंद्रातील तीव्रता प्रामुख्याने स्रोताची दीप्ती व परावर्तकाचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असते. परावर्तकाचा व्यास दुप्पट केल्यास तीव्रता चौपट होऊ शकते. परंतु अधिक वॉटचा, आकाराने मोठा बल्ब बसवल्यास झोत रुंद होतो आणि केंद्रातील तीव्रता त्या प्रमाणात वाढत नाही. ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा हॅलोजन बल्ब बसवणाऱ्यांची यामुळेच निराशा होई. विसर्जन बल्बचा खरा लाभ त्याच्या लहानशा चापाच्या अधिक दीप्तीत होता.

अंतराचा नियमही लक्षात घ्यावा लागतो. प्रदीपन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १,००,००० कँडेलाचा दिवा १०० मीटरवर १० लक्स प्रदीपन देतो, तर २०० मीटरवर केवळ २.५ लक्स. म्हणजे पल्ला दुप्पट करावयाचा तर तीव्रता चौपट हवी. अमेरिकेत २००९ मध्ये हातातील दिव्यांसाठी एफएल-१ हे मानक निश्चित झाले. त्यानुसार पौर्णिमेच्या चांदण्याच्या जवळपास येणारे ०.२५ लक्स प्रदीपन जेथे उरते, ते अंतर दिव्याचा पल्ला मानले जाते. या हिशेबाने १,००,००० कँडेलाचा पल्ला सुमारे ६३२ मीटर व १०,००,००० कँडेलाचा २,००० मीटर येतो. आकडा दहापट वाढला, पल्ला मात्र तिपटीहून थोडाच अधिक वाढला. हे मानक आल्यानंतर खोक्यावरील आकड्यांची पडताळणी करण्यास निश्चित आधार मिळाला.

नियमन आणि इतरांचे डोळे

निर्जन माळावर हातातील दिवा कितीही प्रखर असला तरी त्याचा त्रास फारसा कोणाला होत नाही. रस्त्यावर मात्र प्रत्येक दिव्यासमोर दुसरा माणूस असतो. म्हणून युरोपीय नियमांत विसर्जन बल्ब आणि त्यासाठी घडवलेला संपूर्ण दिवा यांची स्वतंत्र मानके आहेत. २,००० ल्युमेनहून अधिक प्रकाशाच्या खालच्या झोतासाठी काच स्वच्छ करणारी यंत्रणा व झोताची उंची आपोआप राखणारी व्यवस्था आवश्यक मानली गेली. परावर्तकाच्या दिव्यांसाठी निराळा डी-२-आर बल्ब तयार करण्यात आला. नको त्या दिशेचा प्रकाश अडवण्यासाठी त्याच्या काचेवर अपारदर्शक पट्टे असतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात विसर्जन बल्ब बसवल्यास झोताची वरची कड बिघडते व समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. अमेरिकेतील नियामक यंत्रणेनेही असे परिवर्तन संच मोटारीच्या दिव्यांच्या मानकात बसत नाहीत, अशी भूमिका घेतली.

भारतातील तरतुदींचा रोखही हाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपवणारा नसावा. नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने अपवादात्मक परिस्थितीत दिलेली परवानगी वगळता वाहनाच्या पुढील बाजूस शोधदिवा लावण्यास मनाई आहे. या नियमांत बल्बच्या प्रकारापेक्षा समोरच्या माणसाच्या डोळ्यांची जागा केंद्रस्थानी आहे, ही बाब उल्लेखनीय होय.

२०१० नंतरच्या दशकात प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, झपाट्याने पुढे आले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना देण्यात आले. उच्च विद्युत् दाब, पारा व उजळण्यातील विलंब यांपासून मुक्त असलेल्या या स्रोताने हातातील शोधदिव्यातून विसर्जन बल्बला बऱ्याच अंशी हद्दपार केले. परंतु जुना प्रश्न संपला नाही. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याची तीच खटपट पुन्हा सुरू झाली. २०२० मध्ये जर्मनीत अशा एका एलईडी बल्बला रस्त्यावरील वापराची परवानगी मिळाली, तीही केवळ तपासणी झालेल्या ठराविक गाड्यांच्या ठराविक दिव्यांपुरती. मान्यता एकट्या बल्बला न देता बल्ब व दिवा यांच्या जोडीला देण्यात आली, हा निर्णय प्रस्तुत विवेचनाला पुष्टी देणारा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. विद्युत् चापाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लागला. परंतु डायनामो व योग्य आरसा यांची जोड मिळेपर्यंत शोधदिवा सिद्ध झाला नाही.

२. दीपगृह, ले लाइट, चित्रपटगृहातील प्रक्षेपण यंत्र आणि हातातील शोधदिवा या चारही उदाहरणांत नवा स्रोत आल्याबरोबर त्याच्या भोवतीच्या रचनेत बदल करणे अपरिहार्य ठरले.

३. हातातील शोधदिव्यात विसर्जन बल्ब बसवण्याचा प्रयोग तांत्रिकदृष्ट्या निष्फळ नव्हता. ज्यांनी नाभी, तारा, घट व उष्णता यांचा विचार केला त्यांना कमी विजेत दूरवर जाणारा झोत मिळाला. ज्यांनी केवळ बल्ब बदलला त्यांच्या हाती खोक्यावरच्या आकड्यापलीकडे फारसे काही लागले नाही.

४. प्रकाशाच्या मोजमापाचे मानक व झोताच्या दिशेचे नियम हे तंत्रज्ञानाच्या मार्गातील अडथळे नसून दिव्याच्या रचनेचाच भाग आहेत.

प्रखर हातदिव्याची गरज खरी आहे. वीजपुरवठ्याच्या रात्रपाळीत उसाला पाणी देण्यासाठी बिबट्याच्या वावराच्या भागात जाणारा शेतकरी, खाडीतून होडी परत आणणारा मच्छीमार किंवा पुरात अडकलेल्यांचा शोध घेणारा स्वयंसेवक यांच्यासाठी दूरवर जाणारा झोत ही चैनीची गोष्ट नाही. मात्र दिवा निवडताना अथवा सुधारताना बल्बवरच्या आकड्याबरोबरच त्यामागचा आरसा, त्याखालचा घट आणि त्यासमोरचा माणूस यांचाही विचार व्हावयास हवा, हाच या दोन शतकांच्या इतिहासाचा बोध होय.